काय दिसलं ते नको, किती वाजता ते सांगा

पहाटेचं स्वप्न खरं होतं, असं आपल्याकडे घरोघरी मानतात. त्यामुळे पहाटे दचकून उठलेल्या माणसाला घरातलं कुणीतरी हमखास विचारतं, "काय दिसलं?" साप दिसला तर एक अर्थ, दात पडले तर दुसरा, आणि घरातलं गेलेलं माणूस बोलवायला आलं असेल तर मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकायच्या. स्वप्न खरं होतं की नाही हा वाद बाजूला ठेवला, तरी या समजुतीत एक निरीक्षण अगदी बरोबर आहे: भयानक स्वप्नं खरोखरच पहाटे जास्त पडतात. रात्री अकराला डोळा लागल्यावर बारा वाजता ती का पडत नाहीत?

बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर या पट्ट्यात याच्याच जोडीला आणखी एक कोडं आहे. आठवडाभर पहाटे चारचा गजर लावून लोकल गाठणारा माणूस रविवारी मनसोक्त झोपतो आणि नेमका त्याच दिवशी घामाघूम होऊन उठतो. दगदगीच्या सहा दिवसांत काही नाही आणि सुट्टीच्या सकाळीच छातीत धडधड, असं का व्हावं?

दोन्ही कोड्यांचं उत्तर झोपेच्या रचनेत आहे. ती रचना कळली की वाईट स्वप्न कधी नुसतं स्वप्न असतं आणि कधी तो झोपेचा विकार झालेला असतो, हेही ओळखता येतं. ते ओळखायला स्वप्नात काय दिसलं याचा फारसा उपयोग होत नाही. किती वाजता दिसलं, आठवड्यातून किती वेळा दिसलं आणि दुसरा दिवस कसा गेला, ही तीन उत्तरं जास्त कामाची.

रात्रीच्या चार-पाच फेऱ्या

झोप सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखी नसते. ती फेऱ्यांनी चालते. एका फेरीला साधारण दीड तास, म्हणजे फास्ट लोकलने बदलापूरहून सीएसएमटी गाठायला लागतो साधारण तेवढा वेळ. सात-साडेसात तासांच्या रात्रीत अशा चार-पाच फेऱ्या होतात. दरवेळी गाडी त्याच स्थानकांवरून जाते: आधी हलकी झोप, मग गाढ झोप आणि शेवटी रेम झोप. बदलतो तो थांबा. पहिल्या एक-दोन फेऱ्यांत गाडी गाढ झोपेच्या स्थानकावर बराच वेळ उभी राहते आणि रेमवर जेमतेम पाच-दहा मिनिटं टेकते. उत्तररात्री हे उलटं होतं. गाढ झोपेचं स्थानक जवळजवळ गाळलं जातं आणि रेमचा थांबा वाढत वाढत अर्ध्या तासापर्यंत, कधी त्याहूनही पुढे जातो.

रेम झोप म्हणजे मिटलेल्या पापण्यांखाली बुबुळं भराभर हलत असतानाची झोप. शिकागो विद्यापीठातल्या युजीन असेरिन्स्की आणि नथॅनिएल क्लाइटमन यांनी १९५३ मध्ये तिची पहिल्यांदा शास्त्रीय नोंद केली. बुबुळं हलत असताना माणसाला उठवलं तर तो बहुतेक वेळा स्वप्न सांगतो, हेही त्यांनी दाखवून दिलं. स्वप्नं इतर झोपेतही पडतात, पण लांबलचक, गोष्टीसारखी आणि भावनेनं ओथंबलेली स्वप्नं मुख्यतः रेममधलीच. प्रौढ माणसाच्या रात्रीचा साधारण पाचवा ते चौथा हिस्सा रेम असतो आणि त्यातला बराचसा शेवटच्या दोन-अडीच तासांत येतो. पहाटेच्या स्वप्नाचं कोडं इथे सुटतं.

रविवारचं कोडंही इथेच सुटतं. साडेअकराला झोपून चारला उठणाऱ्याच्या शेवटच्या फेऱ्या रोज रद्द होतात आणि रेमचा साठा त्यांच्यातच जास्त असतो. शरीर ही तूट विसरत नाही. संधी मिळाली की रेम जास्त वेळ आणि जास्त जोरात येते. याला 'रेमची उसळी' म्हणतात. रविवारी आठ वाजेपर्यंत झोपलं की आठवड्याची थकबाकी एका सकाळी वसूल होते. स्वप्नं लांबतात, गडद होतात आणि त्यातली काही भयानक असतात. एवढ्यावरून काळजी करायचं काही कारण नाही.

मेंदू जागा, अंग बांधलेलं

रेममध्ये मेंदूत नेमकं काय चालतं? मेंदूच्या आत खोलवर बदामाच्या आकाराचा एक भाग असतो, अमिग्डाला. धोका हेरणं आणि भीतीची घंटा वाजवणं हे त्याचं काम. रेममध्ये तो चांगलाच जागा असतो. कपाळामागचा भाग मात्र मंदावतो, आणि "अरे, असं कसं होईल?" असा प्रश्न विचारणारा भाग तोच. म्हणून स्वप्नात ठाण्याच्या फलाटावर समुद्र आला तरी आपल्याला नवल वाटत नाही, भीती मात्र खरीखुरी वाटते.

त्याच वेळी मेंदू मानेखालच्या बहुतेक स्नायूंना कुलूप लावतो. श्वास आणि डोळे चालू राहतात, हातपाय ढिले पडतात, त्यामुळे स्वप्नात पळताना आपण पलंगावरून पडत नाही. कधीकधी जाग आधी येते आणि कुलूप काही क्षणांनी उघडतं. डोळे उघडे, पण हात हलत नाही, आवाज फुटत नाही, छातीवर कुणीतरी बसल्यासारखं वाटतं. याला निद्रा-पक्षाघात म्हणतात. अनुभव भयंकर असला तरी तो मिनिट-दोन मिनिटांत ओसरतो आणि त्यातून इजा होत नाही. छातीवर बसणाऱ्या भुताच्या कितीतरी गोष्टींचा उगम इथे असावा.

आणखी एक बदल महत्त्वाचा. जागेपणी ताण आला की मेंदूत नॉरअॅड्रेनलिन नावाचं रसायन वाढतं आणि अंग सावध होतं. रेममध्ये त्याचा पुरवठा जवळजवळ बंद असतो. झोपेचा अभ्यास करणाऱ्या अनेकांचं मत असं, की याच शांत रसायनस्थितीत मेंदू दिवसभराच्या भीतीच्या आठवणी बाहेर काढतो, त्यांचे तुकडे नव्या प्रसंगांत मिसळतो आणि त्यांची धार हळूहळू बोथट करतो. नेहमीचं वाईट स्वप्न म्हणजे चालू असलेलं हे काम. भीती इतकी वाढली की जागच आली, तर काम अर्धवट राहतं. रोज रात्री त्याच जागी जाग येऊ लागली तर ते रोजच अर्धवट राहतं आणि तेच स्वप्न पुन्हा पुन्हा पडतं.

पूर ओसरल्यावर

मोठ्या घटनेनंतर काही दिवस वाईट स्वप्नं पडणं ही मेंदूची नेहमीची चाल आहे. १७ ऑक्टोबर १९८९ ला सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात मोठा भूकंप झाला. त्यानंतर संशोधकांनी तिथल्या विद्यार्थ्यांना आणि दूरच्या अॅरिझोनातल्या विद्यार्थ्यांना काही आठवडे स्वप्नांची नोंद ठेवायला सांगितली. भूकंप अनुभवलेल्यांना जवळपास दुप्पट भयस्वप्नं पडत होती आणि त्यात भूकंपाची स्वप्नं पुष्कळ होती.

आपल्याकडे असा प्रसंग म्हणजे पूर. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्याच पावसात उल्हास आणि वालधुनी या नद्यांनी बदलापूरपासून कल्याणपर्यंतच्या वस्त्यांत पाणी घातलं. चौदा वर्षांनी, २६ जुलै २०१९ च्या रात्री, कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पुराच्या पाण्यात अडकली. चहूबाजूंनी पाणी, आणि रात्र डब्यात काढलेली. सुमारे १,०५० प्रवाशांना एनडीआरएफ, नौदल आणि आसपासच्या गावकऱ्यांनी दुसऱ्या दिवशी बाहेर काढलं. अशा रात्रीनंतर आठवडा-दोन आठवडे पाण्याची स्वप्नं पडली तर ते अपेक्षितच आहे. बहुतेकांची स्वप्नं हळूहळू विरळ होतात, बदलतात, मग थांबतात.

काहींची थांबत नाहीत. महिना उलटला तरी तोच प्रसंग जसाच्या तसा दिसत राहतो, पावसाचा आवाज आला की अंगावर काटा येतो, माणूस त्या रस्त्यानं जाणं टाळतो, छोट्या आवाजाला दचकतो. अशा वेळी आघातोत्तर ताण विकाराची शंका घ्यायची असते. स्वप्न हे त्याच्या सर्वांत ठळक लक्षणांपैकी एक. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनं हे नाव १९८० मध्ये आपल्या निदानपुस्तिकेत घातलं. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या सुमारे एक लाख निर्वासितांना कल्याणच्या लष्करी छावणीत वसवण्यात आलं, आणि ८ ऑगस्ट १९४९ ला त्या वस्तीचं उल्हासनगर झालं, तेव्हा हे नाव अस्तित्वातच नव्हतं. बराकीत रात्री ओरडत उठणाऱ्या आजोबाबद्दल घरचे 'झोपेत बरळतो' एवढंच म्हणायचे. आघाताची स्वप्नं उपचार न मिळाल्यास काही जणांना कित्येक दशकं पडत राहतात, हे आता युद्धातून परतलेल्या सैनिकांच्या अभ्यासांतून चांगलं ठाऊक झालं आहे.

रेघ कुठे ओढायची

एखादं भयस्वप्न जवळपास सगळ्यांनाच पडतं. आठवड्यातून एकदा किंवा त्याहून जास्त वेळा पडतं असं सांगणारे प्रौढ शंभरात साधारण दोन ते सहा असतात. डॉक्टर ज्याला 'भयस्वप्न विकार' म्हणतात, त्याच्या खुणा अशा: स्वप्न लांब, भयानक आणि नीट आठवणारं असतं, बहुतेक वेळा त्यात जीव, अब्रू किंवा आपलं माणूस वाचवण्याची धडपड असते, ते झोपेच्या उत्तरार्धात पडतं, आणि जाग आल्यावर माणूस लगेच भानावर येतो, आपण कुठे आहोत हे त्याला कळतं. आठवड्यातून एकाहून कमी वेळा पडलं तर सौम्य, एक किंवा जास्त वेळा पण रोज नाही तर मध्यम, आणि रोज रात्री तर तीव्र. महिन्याच्या आतला त्रास ताजा, सहा महिन्यांहून जास्त चालला तर तो जुनाट धरतात.

पण नुसती संख्या पुरत नाही. रेघ दिवसावर ओढायची असते. एखाद्याला आठवड्यातून दोन भयस्वप्नं पडतात, तो पाणी पितो, कूस बदलतो, पुन्हा झोपतो आणि सकाळी कामाला लागतो. त्याला विकार म्हणायची गरज नाही. दुसऱ्याला दहा दिवसांतून एकदाच पडतं, पण त्याची धास्ती इतकी, की तो रात्री दीडपर्यंत मोबाइल बघत बसतो, दिवा बंद करू देत नाही, दिवसभर तेच डोक्यात घोळतं आणि कामात चुका होतात. त्यानं मदत घ्यायला हवी.

झोपेचीच भीती वाटू लागणं ही सर्वांत पक्की खूण, कारण तिथून चक्र सुरू होतं. स्वप्नाच्या भीतीनं माणूस उशिरा झोपतो. झोप कमी पडते. तूट साचली की रेम उसळून येते. उसळलेल्या रेममध्ये स्वप्न आणखी गडद पडतं आणि दुसऱ्या रात्री भीती वाढते. सुरुवात पुरानं झाली असो, अपघातानं असो की घरातल्या मृत्यूनं, काही महिन्यांनी हे चक्र मूळ कारणाशिवायही फिरत राहतं. म्हणूनच 'टेन्शन गेलं की आपोआप जाईल' हा सल्ला प्रत्येक वेळी खरा ठरत नाही.

दिसायला तेच, आत वेगळं

रात्री ओरडून उठणारं प्रत्येक माणूस भयस्वप्नानं उठलेलं नसतं. इथे घड्याळ फार मदत करतं.

तीन ते आठ-दहा वर्षांचं मूल झोपल्यावर तास-दीड तासातच किंचाळत उठून बसतं, डोळे सताड उघडे, अंग घामानं भिजलेलं, आईला ओळखत नाही, जवळ घेतलं तर ढकलतं, आणि सकाळी विचारलं तर काहीच आठवत नाही. ही 'रात्रभीती'. ती रेममधली नाही. पहिल्या फेरीतल्या गाढ झोपेतून अर्धवट जाग आल्यानं ती होते. मुलाला गदागदा हलवून उठवू नये. इजा होणार नाही एवढं बघावं आणि ओसरू द्यावं. बहुतेक मुलांची ती वाढत्या वयात जाते. पहाटे रडत उठून "मला राक्षस दिसला" असं नीट सांगणारं आणि आईला बिलगणारं मूल असेल, तर ते भयस्वप्न.

पन्नाशी ओलांडलेला माणूस, बहुधा पुरुष, झोपेत लाथा झाडतो, बुक्के मारतो, शेजारी झोपलेल्या बायकोला लागतं, आणि उठवल्यावर "चोराशी मारामारी करत होतो" म्हणतो. इथे स्नायूंचं कुलूप निकामी झालेलं असतं. मिनेसोटातल्या कार्लोस शेंक आणि मार्क महोवाल्ड यांनी १९८६ मध्ये या विकाराचं वर्णन केलं. अशा बऱ्याच रुग्णांना पुढे काही वर्षांनी पार्किन्सनसारखे मेंदूचे आजार होतात, म्हणून हे हसण्यावारी न नेता मेंदूविकारतज्ज्ञाला दाखवायला हवं.

जोरात घोरणारा माणूस गुदमरल्याच्या किंवा बुडाल्याच्या स्वप्नातून धापा टाकत उठत असेल तर झोपेत श्वास अडण्याच्या विकाराची तपासणी करावी. श्वासाचा उपचार झाला की अनेकांची भयस्वप्नंही कमी होतात.

मग औषधं. रक्तदाब आणि हृदयासाठी दिली जाणारी प्रोप्रॅनोलॉल, मेटोप्रोलॉल यांसारखी बीटा-ब्लॉकर औषधं, काही नैराश्यविरोधी गोळ्या, पार्किन्सनसाठीची लेव्होडोपा यांनी स्वप्नं गडद होऊ शकतात. दमा आणि अॅलर्जीसाठी घरोघरी आलेलं मॉन्टेलुकास्ट यातलंच. मार्च २०२० मध्ये अमेरिकेच्या एफडीएनं या औषधावर मनोविकारविषयक परिणामांचा सर्वांत कडक इशारा छापायला लावला आणि त्यात भयस्वप्नांचाही उल्लेख आहे. औद्योगिक पट्ट्यात खोकल्या-दम्याच्या गोळ्या घेणारी मुलं कमी नाहीत. गोळी सुरू झाल्यावर मूल रात्री घाबरून उठू लागलं असेल तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगावं. स्वतःहून कुठलीही गोळी बंद करू नये. नैराश्याच्या गोळ्या अचानक थांबवल्यावर तर स्वप्नं उलट जास्तच भडकतात.

दारूही याच यादीत येते. झोप लागावी म्हणून घेतलेली नाइन्टी रात्रीच्या पूर्वार्धात रेम दाबते. तीनच्या सुमारास तिचा अंमल उतरला की दबलेली रेम उसळते. रोज भरपूर पिणाऱ्यानं एकदम सोडली तर भयस्वप्नांबरोबर कंप आणि भ्रमही होऊ शकतात. म्हणून ती डॉक्टरच्या देखरेखीखाली सोडावी.

नाइटवाल्यांचं घड्याळ

एमआयडीसीत तीन पाळ्यांत काम करणाऱ्यांना 'उत्तररात्री पडतं ते भयस्वप्न' हा नियम जसाच्या तसा लागू होत नाही. रेमवर झोपेच्या फेऱ्यांखेरीज शरीराच्या आतल्या घड्याळाचाही ताबा असतो, आणि त्या घड्याळात रेमचा जोर पहाटे-सकाळी सर्वांत जास्त. नाइट करून सकाळी आठला झोपणारा माणूस त्या जोरातच झोपेत शिरतो, त्यामुळे त्याची रेम झोपेच्या सुरुवातीलाच येऊ शकते. त्यातच खाली भाजीवाल्याची हाळी, शेजारची मुलं, पत्र्याखालचा उकाडा. झोप सारखी मोडते, आणि मोडली की स्वप्न जास्त आठवतं. पाळी दर आठवड्याला बदलत असेल तर हे घड्याळ कधी स्थिरच होत नाही.

आठ तास झोपा, हा सल्ला इथे कुणाच्याच कामाचा नसतो. जमण्यासारखं असं: उठायची वेळ शक्य तितकी एक ठेवावी, रविवारी तीन-चार तास जास्त झोपण्याऐवजी तास-दीड तास जास्त झोपावं आणि दुपारी वीस मिनिटं आडवं व्हावं, नाइटवाल्यांनी खिडकीला जाड पडदा किंवा डोळ्यांवर पट्टी वापरावी, झोपेआधीच्या चार-सहा तासांत चहा-कॉफी टाळावी. लोकलमध्ये खिडकीची सीट मिळून लागलेला डोळाही त्या दिवसाच्या झोपेत जमा होतो.

वही काय सांगते

डॉक्टरकडे जाण्याआधी दोन आठवडे एक वही उशाशी ठेवावी. एक उदाहरण रचून पाहू. अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीत मशीन चालवणारा, पंचेचाळिशीचा एक ऑपरेटर आहे. त्याच्या वहीत अशा ओळी आहेत:

सोमवार. ११.२० ला झोपलो. ३.४० ला घाबरून जाग. पाच मिनिटांत झोप. सकाळी ठीक.
मंगळवार. काही नाही.
बुधवार. ११ ला झोपलो. ४.१० ला जाग, घाम. नंतर झोप नाही. मशीनवर दुपारी दोनदा डुलकी.
गुरुवार. भीती वाटली म्हणून १ पर्यंत टीव्ही. ४.३० ला पुन्हा तेच. सुपरवायझरशी भांडण.
औषधं: महिन्यापूर्वी बीपीची नवी गोळी, रात्री जेवल्यावर.

स्वप्नात काय होतं, याची एकही ओळ यात नाही. तरी डॉक्टरला पुष्कळ कळतं. जाग उत्तररात्री येते, घड्याळ बघण्याइतकं भान लगेच येतं, म्हणजे रात्रभीती नाही. बुधवारनंतर झोपेची भीती सुरू झाली, म्हणजे चक्र फिरायला लागलंय. मशीनवरच्या डुलक्या धोक्याच्या आहेत, कारण तिथे हात जाऊ शकतो. आणि गोळीची तारीख त्रासाच्या सुरुवातीशी जुळत असेल, तर तिची वेळ किंवा ती गोळीच बदलून पाहता येईल. 'काय दिसलं' विचारत बसलं असतं तर ही शेवटची ओळ सुटली असती.

शेवट बदलायचा, जागेपणी

विकार आहे असं ठरल्यावर जो उपचार सर्वांत जास्त शिफारशीत आहे, त्याला गोळी लागत नाही. त्याला 'प्रतिमा-सराव उपचार' म्हणतात. अमेरिकेतल्या बॅरी क्राकाव यांच्या गटानं २००१ मध्ये लैंगिक अत्याचारातून वाचलेल्या १६८ स्त्रियांवर केलेल्या चाचणीत या उपचारानं भयस्वप्नं कमी झाली आणि झोप सुधारली. अमेरिकी निद्रावैद्यक अकादमीनं २०१८ मध्ये भयस्वप्नांसाठी याची शिफारस केली.

रीत साधी आहे. दिवसा, पूर्ण जागं असताना, स्वप्न कागदावर लिहायचं. मग त्यातला कुठलाही भाग हवा तसा बदलायचा आणि नवं स्वप्न रोज दहा-वीस मिनिटं डोळे मिटून मनात चालवायचं. पुराच्या स्वप्नात पाणी जिन्यावरून चढत येतं, दार उघडत नाही आणि पोरगी खाली आहे, असं समजा. नव्या आवृत्तीत पाणी तिसऱ्या पायरीवर थांबतं, शेजारी बाहेरून दार ढकलतात आणि पोरगी वरच्या मजल्यावर आधीच बसून चहा पितेय. हे खरं वाटायची गरज नाही. बदल आपल्या मनातून आलेला असला की पुरे. मेंदू पुन्हा पुन्हा गिरवलेली वाट धरतो, आणि जागेपणी गिरवलेली नवी वाट काही आठवड्यांत झोपेतही वापरली जाऊ लागते. सुरुवात सर्वांत भयंकर स्वप्नानं करू नये, मधल्यानं करावी. अत्याचार किंवा मृत्यूच्या प्रसंगाचं स्वप्न असेल तर हे काम समुपदेशकाच्या सोबतीनंच करावं.

औषधांत प्राझोसिन हे रक्तदाबाचं जुनं औषध वापरतात. ते मेंदूतल्या नॉरअॅड्रेनलिनचा एक दरवाजा बंद करतं, म्हणून आघाताच्या स्वप्नांत त्याचा उपयोग व्हावा अशी अपेक्षा. लहान अभ्यासांत फायदा दिसला, पण २०१८ मध्ये माजी सैनिकांवरच्या मोठ्या चाचणीत ते नुसत्या साखरेच्या गोळीपेक्षा सरस ठरलं नाही. काहींना ते लागू पडतं. ते द्यायचं की नाही, हे डॉक्टरनंच ठरवायचं.

थोडक्यात: मदत कधी घ्यावी

• आठवड्यातून एकदा किंवा जास्त वेळा भयस्वप्न पडतं, त्यानं दिवस बिघडतो आणि महिना उलटला तरी कमी होत नाही.
• झोपायचीच भीती वाटते, किंवा झोप मुद्दाम लांबवली जाते.
• दिवसा डुलक्या, चिडचिड, कामात चुका, वाहन किंवा मशीन चालवताना धोका.
• पूर, अपघात, हिंसा किंवा मृत्यूचा तोच प्रसंग जसाच्या तसा परत दिसतो.
• नवीन औषध सुरू झाल्यावर किंवा जुनं बंद केल्यावर त्रास सुरू झाला.
• झोपेत हातपाय झाडले जातात, कुणाला लागतं, किंवा घोरणं आणि धाप आहे.
• जगणं नको वाटतं, मरणाचे विचार येतात. इथे एक दिवसही थांबू नये.

कुणाकडे जायचं

पहिला टप्पा घराजवळचा फॅमिली डॉक्टर. औषधांची यादी, रक्तदाब, घोरणं हे तिथेच तपासता येतं. सरकारी दवाखान्यातच जायचं असेल तर या पट्ट्यात उल्हासनगर कॅम्प तीनमधलं मध्यवर्ती रुग्णालय आहे. त्याहून पुढे १९०१ पासून चालू असलेलं ठाण्याचं मनोरुग्णालय. त्याचं नाव घेतलं की लोक कचरतात, पण बाह्यरुग्ण विभागात झोपेची तक्रार घेऊन जाणं म्हणजे भरती होणं नव्हे. प्रवास जमत नसेल तर १४४१६ हा टेलि-मानसचा क्रमांक आहे. केंद्र सरकारनं १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू केलेली ही सेवा फुकट आणि चोवीस तास चालते, आणि मराठीतून बोलता येतं. वारंवार भयस्वप्नं पडणाऱ्यांत आत्महत्येचे विचार जास्त आढळतात, म्हणून हा नंबर मोबाइलमध्ये घालून ठेवावा.

जाताना वहीबरोबर एक माणूसही न्यावं: त्याच खोलीत झोपणारं. आपण घोरतो की नाही, लाथा झाडतो की नाही, ओरडलो ते बाराला की चारला, हे झोपलेल्याला सांगता येत नाही. शेजारी जागं झालेल्याला मात्र ते मिनिटासकट ठाऊक असतं, आणि निदान पुष्कळदा त्याच्याच बोलण्यावर ठरतं.